जुन्या गाडीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतंय, पण गळती कुठेच दिसत नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, खोलू का?

नका खोलू. निदान या आठवड्यात तरी नका.

तुमची २००६ची सँट्रो, महिन्याला पाऊण लिटर कूलंट गायब, फरशीवर थेंब नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, आणि मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलंय, अठरा हजार होतील. गाडीचं नाव सोडलं तर हे सगळं माझ्या घरी होऊन गेलंय. तुम्ही खोलायच्या आधी विचारताय, मी खोलून मोकळा झालो होतो.

माझी गाडी २००२ची एस्टीम. आमच्या साडूंकडून घेतलेली. साडूंनी त्याआधी बारा वर्षं उंब्रज-पाटण रस्त्यावर वडापची (प्रवासी भरून नेणारी) जीप चालवलेली, त्यामुळे गाडी या विषयात घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. त्यांचं मत असं की कूलंट म्हणजे रंग टाकलेलं पाणी आणि ते विकत घेणारा तो अडाणी. एस्टीमला त्यांनी कायम घरच्या बोअरचं पाणी पाजलं. ते पाणी कसलं, तर ज्यात तूरडाळ शिजत नाही आणि बादलीच्या कडेला बोटभर पांढरा थर धरतो.

गाडी घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी मी रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) काढला, तर आधी तांबडं पाणी आलं आणि मागून पिवळा चिखल. पिठल्यासारखा, बोटांना चिकटणारा. साडूंना फोन लावला. "पाव्हणं, हळद हाय ती. मागं रेडिएटर पाझरत हुता, दोन चमचं टाकली, बंद झाला. फुकटात काम." ती हळद हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसली होती. त्या गाडीचा हीटर मी घेतल्यापासून कोमटच होता, त्याचं कारण त्या दिवशी कळलं. मी पाणी स्वच्छ येईपर्यंत सगळं धुतलं, हीटरचे दोन्ही होज काढून उलटं पाणी सोडलं, आणि कूलंट भरलं. इथून आमचा वाद सुरू झाला, तो अजून चालू आहे.

सात-आठ महिन्यांनी पातळी खाली जायला लागली. आधी महिन्याला कपभर, मग अर्धा लिटर. खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर गाडी उभी केली, पुठ्ठा कोरडा. मी दुर्लक्ष केलं, हे कबूल करतो. चिपळूणला लग्न होतं. येताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणावर तापमानाचा काटा वर सरकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला (मे महिन्यात, मागे सासूबाई), आणि जागा मिळेल तिथे थांबलो. बॉनेट उघडल्यावर गुऱ्हाळावरच्या काहिलीसारखा गोड, जड वास आला. वाफ कुठून येते ते मात्र दिसेना.

ज्या गॅरेजमध्ये नेली त्यांनी इंजिन चालू केलं, पाच मिनिटं रेस दिली, वाकून पाहिलं आणि सांगितलं, बाहेर गळत नाही म्हणजे आत जळतंय, हेड गॅस्केट. साडूही तेच म्हणाले, वर "कूलंट घातलंत ना" असंही म्हणाले. हेड उतरलं, फेसिंगला (घासून सपाट करायला) गेलं, गॅस्केट नवं, टायमिंग बेल्ट नवा, १४ हजार. तिसऱ्या आठवड्यात रेडिएटरशेजारचा कूलंटचा डबा पुन्हा रिकामा.

मग मी स्वतः बसलो. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे, गळकी उपकरणं शोधणं हे माझं रोजचं काम. गाडीची आणि त्या उपकरणांची गोष्ट एकच आहे: दाब द्या आणि थांबा. रेडिएटरच्या जुन्या टोपणाला भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, सायकलचा गेजवाला पंप लावला. टोपणावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस इंचाला जवळपास १३ पौंड. एवढा दाब असतो म्हणूनच गाडीतलं पाणी शंभरला न उकळता ११८च्या आसपास उकळतं. गार इंजिनात १३ पौंड हवा भरली आणि चहा घेऊन बसलो. वीस मिनिटांत काटा आठवर. इंजिन बंद, गार, आणि तरी दाब उतरतोय! तरीही डोळ्यांना काही दिसेना. मुलीचा मोबाइल व्हिडिओ चालू करून इंजिनाच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डखालच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखालच्या) फटीत, हात खरचटत घातला. तिसऱ्या वेळी सापडलं. कूलंट फिरवणाऱ्या इंजिनाच्या पंपाकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपाच्या खालच्या अंगाला गंजाचा एक फोड, त्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा थेंब. फुगला, थरथरला, पडला. खाली सायलेन्सरचा पाइप, त्यावर पांढऱ्या खपल्या. गरम गाडीत तो थेंब जमिनीपर्यंत पोचायच्या आत वाफ होत होता. पुठ्ठा कोरडा राहणार नाही तर काय.

आता गॅरेजमध्ये ते का दिसलं नाही, हे मला दोन दिवस छळत होतं. तो पाइप पंपाच्या ओढण्याच्या बाजूला आहे. इंजिन रेसवर असताना तिथला दाब उरलेल्या भागापेक्षा कमी असतो. इंजिन बंद केलं की दाब सगळीकडे सारखा होतो, शिवाय धातूतली धग थांबलेल्या पाण्यात उतरते आणि दाब आणखी चढतो. म्हणजे आमचं भोक गळत होतं ते गाडी बंद केल्यावरची पंधरा मिनिटं, आणि ही मंडळी बघत होती ती रेस देताना. तुमच्या मेकॅनिकने कधी बघितलं ते विचारा. वीस किलोमीटर फिरवून आणा, बंद करा, बॉनेट उघडून टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. एवढं कुणी करत नाही.

तुमच्या बाबतीत तोच पाइप असेल असं म्हणत नाही. सँट्रोची मांडणी वेगळी. पण सगळ्यात आधी टोपण बदला, दोन-अडीचशे रुपयांत मिळतं. त्याचं रबर कडक झालं की कूलंट डब्यात जातं आणि डब्यावरून वाहून जातं, माणूस मात्र इंजिनात शोधत बसतो. डब्याच्या मानेलाही बारीक चीर असू शकते, ती भरलेला डबा दाबल्याशिवाय दिसत नाही. मग इंजिनाच्या पंपाखालचं छोटं भोक बघा, तिथे ओघळ वाळलेला दिसला तर पंपाचं सील गेलं. डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं असेल तर बोट लावून बघा: नुसतं पाणी म्हणजे एसीची नळी तुंबली, चिकट आणि गोड वासाचं म्हणजे हीटर गळतोय. काचेला आतून तेलकट धुकं धरत असेल तरी हीटरच. रात्री नोटा तपासायची निळी टॉर्च मारून बघा. बऱ्याच हिरव्या कूलंटचे वाळलेले डाग तिच्यात चमकतात.

आणि हेड गॅस्केटच असेल तर ते सांगतं. गार गाडी चालू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, किंवा टोपण काढून (गार असतानाच) चालू केली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, किंवा चारपैकी एक स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं निळं द्रावण काही गॅरेजवाल्यांकडे असतं, एक्झॉस्टचा वायू त्यात आला की पिवळं पडतं. ती चाचणी मागा. ऑइलच्या टोपणाखाली पांढरी साय दिसली एवढ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या कुठल्याही गाडीत ती धरते.

पाइप मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवाल्याकडून स्टेनलेसचा करून घेतला, ओ-रिंग नवी टाकली. हजाराच्या आत सगळं. जुना पाइप कापून बघितला, आतून क्षार आणि गंज मिळून निम्मं तोंड बुजलेलं. तो पाइप मी साडूंच्या अंगणात नेऊन ठेवला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्या खपलीनंच भोक धरून ठिवलं हुतं. तुम्ही धुवून काढलं म्हणून गळाया लागलं. माझ्याकडं बारा वर्षं गळली का?"

यात तथ्य आहे, हे मी त्यांच्यासमोर कधीही म्हणणार नाही. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेली गाडी एकदम धुवून कूलंट भरलं की जुनी भोकं उघडी पडतात. पण खपली हा काही पाइप नव्हे. आणि भोक कुणाच्या पाण्याने पडलं?

तेव्हा तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने काय ओतलं होतं ते शोधून काढा. हळद, अंडं, बाजारातली गळतीबंद पावडर, काहीही टाकू नका. भर घालायला बोअरचं पाणी नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालेल.

राहिलेलं एक-दोन: टोपण गरम असताना फडकं धरूनसुद्धा उघडू नका. सायकलच्या पंपाने दाब देताना टोपणावरच्या आकड्याच्या वर जाऊ नका, नाहीतर धड असलेला रेडिएटर फुटेल. सांडलेलं कूलंट लगेच पाण्याने धुवा, कुत्र्यांना ते गोड लागतं, मांजरंही चाटतात, आणि मरतात. आणि काटा चढत असेल तर यातलं काहीही करत बसण्याआधी गाडी चालवणं बंद करा. माझं हेड फेसिंगला गेलं तेव्हा थोडं वाकलेलं निघालंच होतं, ते कुंभार्लीमुळे.