रील मोअर आणि मोठं लॉन : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रील मोअरचा, म्हणजे फिरत्या पात्यांच्या गवत कापायच्या मशीनचा, नुसता उल्लेख केला होता तर त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले, आणि बहुतेक प्रश्न मोठं लॉन असलेल्यांचे आहेत. म्हणून यावेळी सगळा कॉलम याच विषयाला दिलाय.

प्रश्न : आमचं लॉन साधारण दहा हजार स्क्वेअर फुटांचं आहे. हाताने ढकलायचा रील मोअर घेतला, पण गवत कापलं जाण्याऐवजी नुसतं वाकतं आणि मागे पुन्हा उभं राहतं. मशीन खराब आहे का?

बहुतेक नाही. मशीन परत करायच्या आधी अर्धा तास त्याच्यापाशी बसा. रील मोअर म्हणजे मुळात एक मोठी कात्रीच आहे, फिरणाऱ्या रीलवरची वळणदार पाती हे कात्रीचं एक पातं आणि खाली जी न हलणारी आडवी पट्टी असते, बेडनाइफ, ते दुसरं पातं. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि त्याला ही कल्पना लोकरीच्या कापडावरची लव कातरायच्या मशीनवरून सुचली होती. जवळजवळ दोनशे वर्षं झाली तरी तत्त्व तेच आहे, गवताचं पान त्या दोघांच्या मधे सापडलं की कापलं जातं. पण कात्रीचा स्क्रू ढिला झाल्यावर कापड जसं पात्यांमधे दुमडतं ना, तेच तुमच्या गवताचं होतंय.

तपासायला साधा वर्तमानपत्राचा कागद पुरतो. त्याची बोटभर रुंद पट्टी घ्या, बेडनाइफवर धरा, जाड हातमोजे घालून रील हळूच हाताने फिरवा, बोटं पात्यांपासून लांब ठेवून. पट्टी सरळ, स्वच्छ कापली गेली तर ठीक. दुमडून आत गेली तर तिथे फट आहे, आणि अर्धी कापून अर्धी फाटली तर तिथली धार गेलीय. हे डावीकडे, मधे आणि उजवीकडे, अशा तिन्ही ठिकाणी करा आणि प्रत्येक पात्याला करा, कारण बऱ्याचदा एक बाजू छान कापते आणि दुसरी नाही, मग लॉनवर प्रत्येक फेरीला एका कडेने न कापलेली रेघ राहते आणि आपण उगाच गवताला दोष देतो. दोन्ही टोकांना अ‍ॅडजस्टमेंटचे स्क्रू असतात, ते एका वेळी पाव फेरासुद्धा नाही, त्याहून कमी फिरवायचे आणि पुन्हा कागद लावायचा. आवाज एकदम कर्कश झाला, ढकलायला जड जायला लागलं, तर जास्त आवळलंय. तेवढा घट्टपणा नकोच असतो, त्याने दोन्ही पाती झिजतात.

अ‍ॅडजस्ट करूनही कागद फाटत असेल तर धार लावायची वेळ आली. घरी करण्यासारखी पद्धत म्हणजे बॅकलॅपिंग. एक चाक काढून रील हँडलने उलटी फिरवायची आणि पात्यांना ब्रशने धार लावायची पेस्ट लावत राहायची, त्याने रील आणि बेडनाइफ एकमेकांवर घासून जुळतात. नंतर पेस्ट पूर्ण धुवून काढा, एक कणही ठेवू नका, आणि मग पुन्हा अ‍ॅडजस्ट करा. खोल खाच असेल तर मात्र बॅकलॅपिंगने भागत नाही, ग्राइंडिंगच, म्हणजे मशीनवर पातं घासून घेणंच, लागतं. माझ्या स्वतःच्या मोअरमधे एकदा कुंपणाच्या तारेचा तुकडा गेला, जेमतेम दोन इंचांचा, आणि बेडनाइफला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली. ती ग्राइंड करून घेईपर्यंत दर फेरीत लॉनभर गवताची एक बारीक उभी ओळ मागे राहायची. तेव्हापासून मी मोअर काढायच्या आधी पूर्ण लॉनवरून एक चक्कर मारतो, काटक्या, खडे, झाडाच्या बिया सगळं उचलतो. रोटरी मोअरमधे, म्हणजे ज्याचं एकच पातं पंख्यासारखं आडवं फिरतं त्यात, अशी काटकी चालून जाते, रीलमधे ती अडकते आणि मशीन जागेवर थांबतं.

प्रश्न : एवढ्या मोठ्या लॉनला हाताने ढकलायचा रील मोअर झेपेल का?

हिशोब करून बघा. १८ इंची मोअर घेतला आणि दर फेरीला ३ इंच ओव्हरलॅप ठेवला तर प्रत्यक्षात १५ इंच कापलं जातं. दहा हजार स्क्वेअर फुटांसाठी आठ हजार फूट चालावं लागेल, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर, आणि वळणं वेगळी. एकदा असतं तर काहीच नव्हतं, पण भर वाढीच्या दिवसात आठवड्यातून दोनदा करावं लागतं. ज्यांना चालणं आवडतं त्यांना झेपतं, मला आवडतं म्हणून मी करतो, पण घरात एकच माणूस हे करणार असेल तर इंजिन किंवा बॅटरीवरचा सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे स्वतःहून पुढे चालणारा, रील मोअर घ्या असंच मी सांगेन. दुसरा एक मार्ग आहे जो लोक लवकर मान्य करत नाहीत : बसायच्या जागेसमोरचा दोन-तीन हजार फुटांचा भाग रीलने राखायचा आणि लांबचा भाग थोडा उंच ठेवून रोटरीने कापायचा. नेटका राखलेला छोटा भाग दमून अर्धवट राहिलेल्या मोठ्या लॉनपेक्षा कितीतरी सुंदर दिसतो.

प्रश्न : रीलने खाली कापायला लागल्यापासून लॉनवर जागोजागी पिवळट, टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसतायत. खत कमी पडतंय का?

खताचा विचार नंतर करा. आधी लॉनवर आडवं होऊन जमिनीच्या पातळीवरून बघा, सकाळी ऊन तिरपं असताना. चट्टे जिथे आहेत तिथे जमीन उंचवट्याची आहे हे दिसेल. तीन इंचांवर कापताना एक इंचाचा उंचवटा गवतात लपून जातो, पण एक इंचावर कापताना मोअर तिथे थेट देठात घुसतो, हिरवं पान सगळं निघून जातं आणि खालचा तपकिरी देठ उरतो. याला स्काल्पिंग म्हणतात.

दुसरं कारण म्हणजे दोन कापण्यांमधलं अंतर. एका वेळी पानाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही, हा नियम रील मोअरला सगळ्यात जास्त लागू पडतो. गवत एक इंचावर ठेवायचं असेल तर ते दीड इंच झालं की कापलं पाहिजे. बरमुडा, म्हणजे आपली हरळी, जोरात वाढत असताना एवढं व्हायला तीन-चार दिवस पुरतात. गावाला गेलात आणि चार इंच झालं तर एकदम एक इंचावर आणू नका, रोटरीने वरून थोडं कापा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग पुन्हा थोडं खाली, असं करत करत आणा.

आता जमीन सपाट करायचं काम, आणि माझ्या मते नवीन मोअर, नवीन खत, नवीन बियाणं या सगळ्यापेक्षा लॉन जर कशाने बदलत असेल तर ते याने. गवत जोमात वाढत असतानाच करायचं म्हणजे ते वरच्या थरातून वर येतं. आधी नेहमीपेक्षा थोडं खाली कापा. चाळलेली माती आणि वाळू मिसळून, पूर्ण कोरडी, पातळ पसरा, एका वेळी पाव इंच, आणि पानांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. मग सरळ फळी किंवा दाताळ्याची पाठ आडवी-उभी फिरवत राहा, उंचवट्यावरची माती आपोआप खड्ड्यात जाऊन बसते. नंतर पाणी. पाव इंच ऐकायला काहीच वाटत नाही, पण दहा हजार स्क्वेअर फुटांवर ते जवळपास सहा घनमीटर होतं, ट्रकभर माती! म्हणून सगळं लॉन एकदम काढू नका, एक भाग या मोसमात, दुसरा पुढच्या. खड्डा दोन इंचांपेक्षा खोल असेल तर वरून माती टाकत बसण्यापेक्षा हिरवळीचा तुकडा कुदळीने गादीसारखा उचला, खाली माती भरा, तुकडा परत ठेवून पायाने दाबा.

प्रश्न : रील मोअर कुठल्याही गवताला चालतो का?

नाही. हरळी आणि झॉयसिया अर्धा ते दीड इंचावर आनंदात राहतात, त्यांना रीलसारखं दुसरं काही नाही. थंड हवेतलं टॉल फेस्क्यू मात्र अडीच-तीन इंचांवर ठेवावं लागतं, आणि हाताने ढकलायचे बरेच रील मोअर तेवढी उंची देतच नाहीत, विकत घ्यायच्या आधी कमाल उंची बघा. पात्यांची संख्यासुद्धा बघा. पाच पाती उंच गवताला बरी, सात किंवा जास्त पाती खाली कापायला. कमी पात्यांचं मशीन फार खाली उतरवलं की लॉनवर बारीक लाटा उठतात, पन्हाळी पत्र्यासारख्या.

प्रश्न : बियांचे उंच तुरे आणि लव्हाळा मोअरखालून तसेच निसटतात. काय करायचं?

रील त्यांना पुढे ढकलून आडवे करते, म्हणून ते निसटतात. तोच भाग आडव्या दिशेने पुन्हा कापा, तरी राहिले तर रोटरीची एक फेरी मारा. दोन कापण्यांमधलं अंतर वाढू दिलं नाही तर तुरे यायचं प्रमाण दिसण्याइतकं कमी होतं. लव्हाळ्याचं वेगळं आहे, त्याची गाठ जमिनीत खोल असते, नुसतं कापून तो जात नाही, पाऊस झाल्यावर माती मऊ असताना गाठीसकट खणून काढा.

प्रश्न : कापलेलं गवत गोळा करायचं का? त्याने खाली थर साचतो असं ऐकलंय.

वेळेवर कापत असाल तर पडू द्या. बारीक पानं काही दिवसात कुजतात आणि त्यातला नायट्रोजन जमिनीला परत मिळतो. खाली जो तपकिरी, स्पंजसारखा थर साचतो तो मुळं, धावते देठ यांचा असतो, कापलेल्या पानांचा नाही. तो अर्ध्या इंचापेक्षा जाड झाला तर विंचरून काढा. उशीर होऊन गवताचे ओले पुंजके पडले असतील तेव्हा मात्र गोळा करा, नाहीतर त्याखालचं गवत दोन दिवसात पिवळं पडतं.