मोबाईलवर ऊन मोजून सोलर पंपाची जागा ठरते का?

प्रश्न : राम राम. आमच्या वावरात सोलर पंप मंजूर झाला. गावात एक जण मोबाईलच्या ऍपवर ऊन मोजून पॅनलची जागा काढून देतो म्हणते, हजार रुपये मागते. विहिरीच्या दक्षिणेला धुऱ्यावर वीसेक फुटाचा निंब हाय, पण मे महिन्यात दुपारी पाह्यलं तं सावली बुडाशीच होती. मोजून घेऊ का?
– एक शेतकरी, आर्णी तालुका, यवतमाळ

उत्तर : भाऊ, हजार रुपये खिशातच राहू द्या. मोबाईलमधला सेन्सर स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायसाठी असते, तो डोळ्याला दिसणारा उजेड लक्स या मापात सांगते, अन् पॅनलचं गणित चालते चौरस मीटरवर किती वॅट ऊन पडलं त्याच्यावर. ते मोजायचं खरं यंत्र पायरॅनोमीटर, त्याच्यावरचा काचेचा घुमटही सारखा पुसत राहावा लागते, अन् तरी एका दुपारच्या आकड्याला काय अर्थ, त्यात श्रावणातलं आभाळ कुठं आलं? मोठ्या मेगावॅटवाल्या प्रकल्पांना वर्षभर मोजतात अन् उपग्रहाच्या मागच्या आकड्यांशी ताडून पाहतात. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं 2011 पासून देशभर अशी केंद्रं उभारली (हो, वाऱ्यावालेच ऊन मोजतात). तुम्हाला पाहायचंच असन तं ग्लोबल सोलर ऍटलास नावाची वेबसाईट फुकट आहे, नकाशात आपल्या वावरावर बोट ठेवा. आपल्याकडं वर्षाची सरासरी चौरस मीटरला दिवसाचे पाच युनिटच्या आसपास निघते, अन् या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर गेलं म्हणून त्यात फरक पडत नाही.

फरक पडते सावलीनं, अन् ती तुम्ही पाह्यली मे महिन्यात! तवा दुपारी सूर्य पार डोक्यावर असते. 21-22 डिसेंबरला तोच भर दुपारी 46 अंशाच्या वर चढत नाही, म्हंजे वीस फुटाच्या निंबाची सावली दुपारी उत्तरेला जवळपास वीस फूट अन् सकाळी नऊच्या सुमारास वायव्येला पस्तीस-चाळीस फूट जाते, आणि हरभऱ्या-गव्हाचं ओलित नेमकं त्याच दिवसांत असते. पॅनल सिरीजमध्ये, म्हंजे एकामागं एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळ्या लाईनीचा करंट पडते, पंप पाणी फेकत नाही.

निंब तोडू नका. पॅनल निंबाच्या दक्षिणेला घ्या, तोंड दक्षिणेकडं, उतार वीसेक अंश. उत्तरेलाच बसवायचं असन तं झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा, निंब अजून वाढणार तेही धरा. बसवायला येणारे पोरं वायर वाचवायला विहिरीला चिटकूनच खड्डे घ्या म्हणतीन, तवा वावरात हजर राहा अन् जागा तुम्हीच दाखवा.