पहिल्या निवडणुकीत पणजीला मत का देता आलं नाही?

प्रश्न: ताई, माझी आजी सांगते की पहिल्या निवडणुकीत तिच्या सासूबाईंना मत देता आलं नाही, कारण त्यांनी आपलं नावच सांगितलं नव्हतं. असं खरंच झालं होतं का? आणि माझा मुलगा म्हणतो विलायतेत मतासाठी बायका तुरुंगात गेल्या, आपल्याकडे हक्क आयता मिळाला. तेही खरं का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: आजी सांगतात ते घडू शकतं, आणि हे तुमच्या एकट्या घरातलं नाही. 1951-52 च्या निवडणुकीसाठी मतदार याद्या करणारे दारी आले की कित्येक बायका परक्या माणसाला नाव सांगायच्या नाहीत, मग यादीत काय लिहिलं जायचं, तर अमक्याची बायको, तमक्याची आई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं की असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. तरीही नाव न मिळालेल्या जवळपास 28 लाख बायका यादीतून गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आपल्या मध्य भारतातल्या, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरच्या राज्यातल्या! मला सेन यांचं बरोबर वाटतं, पण त्या 28 लाखांचं वाईटही फार वाटतं.

यातली गंमत बघा, 1935 च्या कायद्याने इंग्रजी मुलखात ज्यांना मत मिळालं त्यातल्या खूपशा बायकांना ते नवऱ्याच्या मालमत्तेवर मिळालं होतं, म्हणजे तेव्हा अमक्याची बायको असणं हीच पात्रता होती. स्वतःच्या नावावर, घर-जमीन-शिक्षण काही न विचारता, 21 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकीला मत दिलं ते आपल्या घटनेनं.

आता मुलाला सांगा, आयतं काही नव्हतं. 1917 मध्ये सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ बायकांना मत मागायला मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं, पुढे मत कोणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या साउथबरो कमिटीने नाही म्हटलं, तर 1919 मध्ये हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन ही मागणी घेऊन थेट लंडनला गेल्या. तरी पार्लमेंटने निर्णय प्रांतांवर ढकलला, मग एकेका प्रांताच्या कौन्सिलशी, म्हणजे कायदेमंडळाशी भांडण, तेव्हा कुठे मत मिळालं: मद्रास-मुंबई 1921, बंगाल 1925, मध्य प्रांत 1927. आणि तेही मालमत्ता असेल तरच. होळकर-शिंद्यांच्या संस्थानांना तर हे प्रांतांचे नियम लागूच नव्हते.

1957 च्या निवडणुकीत पणजींनी मत दिलं का, ते आजींना विचारा आणि नक्की कळवा.