रेस उतरत नसेल तर कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका, आधी हवा कुठून घुसतेय ते बघा
वाचकांचे प्रश्न : जुने चेनसॉ

प्रश्न : नमस्कार सर. घरात चाळीसएक वर्षं जुना चेनसॉ आहे, बरीच वर्षं पडून होता. मी कार्बोरेटर उघडून साफ केला, डायफ्राम आणि गॅस्केट नवीन टाकले, प्लग नवीन, पेट्रोलची नळीही नवीन. थंड असताना मस्त चालतो. पण गरम झाला की ट्रिगर सोडला तरी रेस खाली यायलाच तयार नाही, चेन फिरतच राहते. एल स्क्रू (कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा) थोडा उघडला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग परत तेच. कार्बोरेटरच बदलून टाकू का?

उत्तर : कार्बोरेटर बदलू नका, आणि मुख्य म्हणजे कारण सापडेपर्यंत हा सॉ परत चालू करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून इंजिन कुठूनतरी जास्तीची हवा ओढतंय असाच दाट संशय येतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच आत जातं ना, त्यामुळे मिक्श्चर लीन झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, की इंजिन नुसतं तापत नाही, त्याचं ऑइलही कमी होतं, आणि त्याच वेळी रेस वाढलेली असते. मग पिस्टनला ओरखडे पडतात, बहुतेक वेळा सायलेन्सरच्या बाजूने सुरुवात होते. एल स्क्रू उघडून तुम्ही वरून पेट्रोल वाढवताय एवढंच, भोक तसंच राहतंय आणि गरम झाल्यावर अजून मोठं होतंय.

आधी सायलेन्सर काढा, दोरी हळू ओढत पिस्टन खालीवर करा आणि टॉर्च मारून त्या भोकातून पिस्टनची बाजू बघा. गुळगुळीत असेल, मशिनिंगच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील तर तुम्ही वेळेत थांबलात. उभे ओरखडे असतील, त्यावर ॲल्युमिनियम चोपडल्यासारखं दिसत असेल तर सिलिंडर उतरवावा लागणार.

पिस्टन चांगला निघाला तर गळती शोधायची. जुन्या सॉमध्ये हवा घुसायच्या जागा ठरलेल्या आहेत : क्रँकची दोन ऑइल सील, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट किंवा गॅस्केट, आणि सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट. सीलचं रबर पडून पडून कडक होतं, त्याची ओठासारखी कड शाफ्टला धरतच नाही. बुटाला चीर असते पण ती हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून बूट काढून उलटसुलट पिळून बघा.

काहीजण इंजिन चालू ठेवून सीलवर कार्ब क्लीनरचा फवारा मारतात आणि रेस बदलते का बघतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी असलं काही करू नका, आग लागते. प्रेशर टेस्ट करा. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या जागी रबराचा तुकडा लावून तोंडं बंद करायची, प्लग जागेवर ठेवायचा, इम्पल्सच्या छिद्रातून (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरपर्यंत नेणारं बारीक छिद्र) हातपंपाने साधारण अर्धा बार म्हणजे ७ पीएसआयच्या आसपास हवा भरायची आणि साबणाचं पाणी फवारायचं. फ्लायव्हील आणि क्लच दोन्ही आधी काढून ठेवा, नाहीतर सील दिसणारच नाहीत. बुडबुडे आले की जागा सापडली. नाही आले तरी तेवढ्यावर सोडू नका, व्हॅक्यूम लावूनही बघा आणि क्रँक हळू फिरवत राहा, कारण काही सील आतून दाब आला की घट्ट बसतात आणि व्हॅक्यूम लागला की सोडतात. ही टेस्ट लोक कंटाळा करून टाळतात आणि पुढे महिनाभर स्क्रू फिरवत बसतात.

एक लक्षात ठेवा, क्लचचे आटे बऱ्याच सॉमध्ये उलटे असतात, सवयीप्रमाणे जोर लावलात तर तो अजून आवळेल. सील काढताना शाफ्टवर चरा पडू देऊ नका, त्या चऱ्यातून नवीन सीलही गळेल. नवीन सीलच्या कडेला ऑइल लावूनच बसवा.

हे सगळं झाल्यावर मग स्क्रूला हात लावायचा. एल आणि एच (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) दोन्ही अलगद टेकेपर्यंत बंद करा (आवळू नका, आतली बैठक खराब होते) आणि एकेक फेरा उघडा, बहुतेक जुन्या सॉची सुरुवात तिथूनच होते. एच असा ठेवा की मोकळ्यावर फुल रेसला आवाज थोडा फडफडता येईल आणि लाकडात घातल्यावर तोच आवाज साफ होईल. मोकळ्यावरच आवाज टिपेला गेला, शिट्टीसारखा झाला, तर ते लीन आहे, ऐकायला कितीही छान वाटलं तरी.

प्रश्न : माझ्या सॉवर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण १६:१ असं छापलंय. दुकानदार म्हणतो ५०:१ टाका. खरं काय?

उत्तर : १६:१ म्हणजे लिटरला ६२ मिली ऑइल, ते त्या काळातल्या ऑइलसाठी होतं. आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलची जपानी प्रतवारी) लिहिलेलं असेल तर, त्याहून खूप कमी पुरतं. मी स्वतः जुन्या इंजिनांना ३२:१ देतो म्हणजे लिटरला ३१ मिली, कारण त्यांची बेअरिंगं म्हातारी झालेली असतात आणि थोडा धूर परवडतो. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल मात्र नको, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. प्रमाण बदललं की कार्बोरेटर परत लावून घ्या, कारण ऑइल कमी केलं की त्या जागी पेट्रोल जास्त जातं.

प्रश्न : पॉइंटवाला (ठिणगीसाठी उघडमीट करणारे कॉन्टॅक्ट असलेला) सॉ आहे, करंट अजिबात येत नाही. कॉइल गेली असेल का?

उत्तर : कॉइल सगळ्यात शेवटी. आधी स्विचची वायर काढून बघा, कुठेतरी बॉडीला टेकलेली असली तरी करंट मरतो. मग फ्लायव्हील पुलरने काढा, हातोडीने पंखे ठोकू नका, ते पटकन तुटतात. पॉइंटवर राखाडी थर जमलेला असतो, बारीक पेपरने हलकेच घासा आणि मग स्वच्छ कागदाचा तुकडा मध्ये धरून ओढा, कागदावर काळं येणं थांबेपर्यंत. गॅप बऱ्याच सॉला ०.०१५ इंच, म्हणजे ०.४ मिमीला थोडा कमी. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढं अंतर. करंट यायला लागला पण दोरी हाताला उलटा झटका देतेय, असं झालं तर फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) कातरली गेलीय का बघा, मग टायमिंगच सरकलेलं असतं.

प्रश्न : १९६० च्या दशकातला सॉ चालू केलाय. चेन ब्रेक नाही, चेनचं ऑइल अंगठ्याने दाबायचं आहे. कामाला वापरू का?

उत्तर : रोजच्या कामाला नको. मॅककलकचा १९४९ चा ३-२५ असो की श्टिलचा १९५९ चा कॉन्ट्रा, त्या काळात चेन ब्रेक नव्हताच, आणि बारचं, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिचं, टोक लाकडाला लागून सॉ उसळला की आडवं यायला काहीच नसतं. झाड पाडायला किंवा फांद्या छाटायला ब्रेकवाला नवा सॉ घ्या. हा जमिनीवर पक्क्या बसवलेल्या ओंडक्यावर चालवा, टोक मोकळं ठेवून, दोन्ही हातांनी, आणि कानाला डोळ्याला पायाला जे घालायचं ते सगळं घालून. ऑइलचा पंप कापताना सारखा दाबत राहावा लागतो, लोक विसरतात आणि बार निळा पडतो. कापायला लागण्याआधी टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर न टेकवता धरा, पंप दाबून थोडी रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली नाही तर ऑइलचं छिद्र भुशाने बुजलंय, बार काढून ते आधी मोकळं करा.