हजार माणसांवरून अमेरिकेचा कौल?

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासात असतो. तो म्हणतो, तिथल्या मतचाचण्या २०१६ मध्ये तोंडावर आपटल्या, त्यांचं काही खरं नाही. जेमतेम हजार लोकांना विचारून एवढ्या देशाचा कौल कळतो तरी कसा?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : हजार पुरतात, पण ते हजार कोणते हे महत्त्वाचं. कळमन्याच्या बाजारात मुरलेला व्यापारी ढिगातली सगळी संत्री सोलत नाही, पण वरवरची चार पाहून सौदाही करत नाही.

२०१६ मध्ये देशपातळीवरचा अंदाज फारसा चुकला नव्हता. हिलरी क्लिंटन यांना एकूण मतांत सुमारे २ टक्क्यांची आघाडी मिळालीच. पण अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या निकालांवरून, आणि घोळ झाला तो विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्वेनिया या राज्यांत; ती ट्रम्प यांनी जिंकली. चाचणीला पदवीधर माणसं जास्त उत्तरं देतात, आणि ती क्लिंटन यांच्याकडे झुकलेली होती. पदवी नसलेले गोरे मतदार नमुन्यात कमी पडले. जनगणनेचे आकडे हाताशी असताना शिक्षणानुसार भार देऊन, म्हणजे कमी पडलेल्या गटाचं प्रत्येक उत्तर त्या प्रमाणात जास्त मोजून, ही तूट भरता आली असती, पण राज्यांतल्या बऱ्याच चाचण्यांनी तेवढंही केलं नाही. मला हा अक्षम्य हलगर्जीपणा वाटतो. शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारेही तिथे ट्रम्प यांच्याकडे वळले, ते वेगळंच.

२०२० मध्ये हा भार अनेकांनी दिला, तरी चूक वाढली. बहुधा कारण असं, की फोन न उचलणाऱ्याचं मत त्याच्याच वयाच्या, शिक्षणाच्या बोलक्या शेजाऱ्यासारखं असेलच असं नाही.

मुलाला एवढं सांगा : हजारांच्या नमुन्यात प्रत्येक उमेदवाराचा आकडा ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. दोघांतलं अंतर त्याच्या जवळपास दुप्पट हलतं. ४८ विरुद्ध ४६ दिसलं, तर लढत बरोबरीची समजायची.