दशमांश ग्रॉसवर की नेटवर, आणि सगळा मंडळीतच द्यायचा का?

प्रश्न असा आहे : पहिली नोकरी, पगार ४२,०००, कापून हातात ३८,८००. दशमांश, म्हणजे देवासाठी द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, कशावर काढायचा? आईची औषधं आणि धाकट्या भावाची फी त्यात धरता येईल का? आणि पाळकसाहेब (पाद्री) म्हणतात तसं सगळं ‘भांडारातच’, म्हणजे मंडळीच्या (चर्चच्या) तिजोरीतच, आणायचं का?

ग्रॉस-नेटचं आधी उरकतो. ४२,००० चा दशमांश ४,२००, ३८,८०० चा ३,८८०. ज्यावरून बायबल स्टडीचा अख्खा तास जातो तो वाद महिन्याला ३२० रुपयांचा आहे. कापले गेलेले ३,२०० म्हणजे बहुधा ३,००० प्रॉव्हिडंट फंड आणि २०० व्यवसाय कर. कर तुम्हाला परत मिळणार नाही. फंड मिळणार आहे. नेटवर देत असाल तर फंड हातात येईल त्या वर्षी त्यावर द्या. ग्रॉसवर देत असाल तर मुद्दलावर दिलेलंच आहे, पुढे फक्त कंपनीचा हिस्सा आणि व्याज उरतं. कुठलाही एक नियम धरा, पण मध्येच बदलू नका. माणसं नोकरीभर नेटवर देतात आणि फंड मिळाला की सांगतात, ‘यावर तर तेव्हाच दिलं होतं.’

घराचा हप्ता, भाडं, मोटारसायकलचं कर्ज वजा करून दशमांश काढायचा नसतो. तो खर्च आहे. दुकान असेल तर मात्र गल्ल्यावर नाही, नफ्यावर. शंभराचा माल विकला आणि तो पंच्याऐंशीला आणलेला असेल तर हिशोब पंधराचा. शेतकऱ्यानं बी-खत-मजुरी वजा करावी की नाही यावर दोन मतं आहेत. माझं मत, करावी. सावकाराच्या पैशावर दशमांश कसला?

काढायचा कधी, हे कशावर काढायचा यापेक्षा महत्त्वाचं. पगार जमा होईल त्याच दिवशी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाका किंवा पाकिटात घाला. महिनाअखेर उरेल ते देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. प्रेषित पौलानं पत्रातून करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

आता ‘भांडार’. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय प्रत्येक उपकारस्तुतीच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या) रविवारी वाचला जातो : सगळा दशमांश भांडारात आणा. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय त्या दिवशी कुणी वाचत नाही. तिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपापल्या गावाच्या वेशीतच ठेवायला सांगितलाय, आणि तो खायला लेव्याबरोबर (मंदिराची सेवा करणाऱ्याबरोबर) उपरा, पोरका आणि विधवा यांना बोलावलंय. म्हणजे पाळकाचा वाटा आहे, पण सगळा वाटा पाळकाचा नाही. ‘मंडळीबाहेर दिलेलं दशमांशात धरत नाही’ असं जे कमिटीच्या बैठकीत छातीठोकपणे सांगतात, त्यांनी हा अध्याय उभं राहून मोठ्यानं वाचावा. ४,२०० पैकी २,५०० मंडळीला, १,००० एखाद्या गरजू कुटुंबाला किंवा वसतिगृहातल्या मुलाला, ७०० अचानक येणाऱ्या गरजेसाठी राखून, अशी वाटणी पूर्ण शास्त्राला धरून आहे.

आईची औषधं मात्र दशमांशात धरू नका. ते दान नाही, कर्तव्य आहे. आणि उलटंही तितकंच खरं : ती औषधं थांबवून दशमांश भरू नका. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूनं फटकारलं ते अशाच लोकांना, जे आईबापांना सांगत, ‘तुम्हाला माझ्याकडून मिळालं असतं ते कुर्बान (देवाला अर्पण) झालं.’ भावाच्या फीचं तसंच. तो घरातलाच असेल तर घरखर्चात धरा.

मंडळीच्या हिशोबात हात घातलेला माणूस म्हणून खरं बोलायचंय ते घेणाऱ्याबद्दल. मलाखी वाचणारे नहेम्याचं पुस्तक वाचत नाहीत. तेराव्या अध्यायात लेव्यांचे वाटे मिळेनासे झाले म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेलेत. यहूदाचा सुभेदार नहेम्या अधिकाऱ्यांना दरडावतो, लोक दशमांश आणतात, आणि लगेच तो भांडारावर माणसं नेमतो : शलेम्या याजक, सादोक शास्त्री, लेव्यांमधला पदाया, आणि हाताखाली हानान. कारणही दिलंय, ते विश्वासू गणले जात होते. एकट्या याजकाच्या हातात भांडार दिलेलं नाही.

आपल्याकडे ते असं व्हायला हवं. उपासना संपली की चहाच्या आधी, व्हेस्ट्रीत (पाळकाच्या तयारीच्या खोलीत), एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन माणसं दानाची थैली रिकामी करतील. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती, असं छापील चिठ्ठीवर लिहून दोघं सही करतील. पाकिटातली वर्गणी वेगळी मोजायची आणि पाकिटावर नावाऐवजी क्रमांक. सोमवारी सगळी रक्कम बँकेत. त्यातून शंभर रुपयेही परस्पर खर्च करायचे नाहीत.

गडबड होते ती नेमकी इथे. विजेचं बिल आलंय, फुलवाला दारात उभाय, पाहुण्या वक्त्याचं भाडं द्यायचंय, म्हणून थैलीतूनच दिलं जातं. चोरी कुणी करत नाही. पण जमा कमी दिसते, खर्च तर दिसतच नाही, आणि वर्षाअखेरीस लेखापरीक्षक विचारतो तेव्हा खजिनदाराकडे फक्त आठवण असते. किरकोळ खर्चाला बँकेतून काढलेली ठरावीक रोकड ठेवा आणि प्रत्येक पावती दोऱ्यात ओवा. नोंदणीकृत न्यास असेल तर हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातोच, मग तो विश्वासीयांपासून लपवायचं कारण काय?

उपकारस्तुतीच्या लिलावाचंही तसंच. भोपळा, कोंबडी, ज्वारीचं पोतं, सगळ्यांवर चढाओढीनं बोली लागते, टाळ्या पडतात आणि ‘पैसे पुढच्या रविवारी’ म्हणून पोतं घरी जातं. तो पुढचा रविवार बरेचदा नाताळानंतर येतो. टेबलाशी पावतीपुस्तक घेऊन एकाला बसवा. पैसे मिळाल्याशिवाय वस्तू हलवू देऊ नका. पाच हजारांच्या उधार बोलीपेक्षा तीनशे रोख बरे.

आपल्याकडे देण्याची आणि हिशोब मागण्याची सवय उशिरा लागली याला इतिहास आहे. पिढ्यानपिढ्या पाळकांचे पगार परदेशी मिशनमधून यायचे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’, म्हणजे मिशनबाहेरची ख्रिस्तभक्तांची संगत, मांडला, तेव्हा भल्याभल्यांना ते झेपलं नाही. आपलं नाव काढताना टिळकांची अभिमानानं आठवण करायची आणि वर्गणीची वही मागितली की ‘अविश्वास दाखवता का’ म्हणायचं, हे जमत नाही.

आणि नावं वाचणं बंद करा. कोणी किती दिलं ते वेदीवरून वाचणं, फलकावर थकबाकीदारांची यादी लावणं, थकबाकी दाखवून मंडळीच्या मतदार यादीतून नाव उडवणं. मंडळीला पैसा लागतो हे मला कळतं, छप्पर गळतं तेव्हा प्रार्थनेबरोबर पत्रेही लागतात. पण बायबलमधली दोन टोल्या (दमड्या) टाकणारी विधवा अशा यादीत थकबाकीदार ठरली असती. फलकावर जमाखर्च लावा, नावं नको. पौलानंही एवढ्या मोठ्या दानाबद्दल कुणी दोष लावू नये म्हणून सोबत माणसं पाठवली होती, देणाऱ्यांच्या याद्या नव्हे.

हे सगळं प्रोटेस्टंट मंडळ्यांना धरून लिहिलंय. कॅथलिक चर्चमध्ये ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवणं अपेक्षित असतं, दहा टक्क्यांचा नियम नाही. नव्या करारातही विश्वासीयांवर तसा आकडा लादलेला नाही. पौल ‘मनात ठरवल्याप्रमाणे द्या, खंत करत नको’ म्हणतो, त्यामुळे कर्ज डोक्यावर असेल तर तीन टक्क्यांपासून सुरुवात करा आणि पगारवाढीबरोबर वाढवा. कर वाचेल म्हणून देत असाल तर तेही विसरा, नव्या करप्रणालीत दानावरची वजावट (८०जी) मिळत नाही.

पहिल्या महिन्यात एवढंच करा. मंडळीचा क्यूआर स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतं ते बघा. न्यासाचं आलं तर पाठवा. माणसाचं आलं, मग ते पाळकसाहेबांचं का असेना, तर पैसे पाकिटात घालून थैलीत टाका आणि कमिटीला न्यासाच्या खात्याचा क्यूआर लावायला सांगा.