कॉलेजची मुलं रेसिंग कार खरंच स्वतः बनवतात, की सुटे भाग आणून जोडतात?

प्रश्न विचारणाऱ्या काकांची मुलगी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोव्यात साखळीहून फोंड्याला जाऊन-येऊन शिकते आणि कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये, म्हणजे स्पर्धेसाठी रेसिंग कार बनवणाऱ्या मुलांच्या टीममध्ये, गेल्यापासून घरी पोचायला रात्र होते. काकांना विचारायचंय की गाडी खरंच ही मुलं बनवतात का, आणि बनवत असली तरी त्यापायी इतका वेळ घालवावा का.

काका, मी फोंड्याचीच. अशाच एका टीममध्ये चार वर्षं होते, त्यातली शेवटची दोन वर्षं वायरिंग माझ्याकडे होतं. आता वेर्ण्याला नोकरी करते.

इंजिन मुलं बनवत नाहीत. आम्ही केटीएम 390 या मोटरसायकलचं इंजिन घेतलं होतं, देशातल्या बऱ्याच टीम तेच घेतात. टायर, ब्रेकचे कॅलिपर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बेअरिंग, चेन हेही विकतचंच. पण हे सगळं आणून जमिनीवर मांडलं तर त्याची गाडी होत नाही. त्याला धरून ठेवणारी चासी म्हणजे सांगाडा, चाकांना जोडणारे आर्म, पेट्रोलची टाकी, हवा आत नेणारा इनटेक, वायरिंग आणि वरची बॉडी हे बाजारात मिळत नाही, कारण तशी गाडी दुसरी नसतेच.

चासीचं सांगते. एक इंचाचे स्टीलचे पाइप एकमेकांना तिरके जोडायचे असतात. सपाट कापलेलं टोक दुसऱ्या गोल पाइपवर बसत नाही, मध्ये फट राहते. म्हणून टोकाला माशाच्या उघड्या तोंडासारखा काप द्यावा लागतो. कॉम्प्युटरवरून त्या कापाचा आकार कागदावर छापायचा, कागद पाइपला गुंडाळायचा, खूण करायची, ग्राइंडरने जवळपास आणायचं आणि शेवटचं अर्धगोल कानशीने. मग पाइप जागेवर धरून मागून टॉर्च मारायचा. उजेड दिसला की पुन्हा कानस. कुंडईला आमचे आर्गन वेल्डिंग करणारे मामा होते, फट दिसली की पाइप हातात परत द्यायचे, एक शब्द न बोलता. पहिल्या वर्षी मी दोन महिने हेच केलं.

इनटेकची गोष्ट वेगळी. नियम असा की पेट्रोल इंजिनाने घेतलेली सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे, साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या. वेग आटोक्यात राहावा म्हणून. आता त्या भोकाच्या पुढे-मागे नळी किती निमुळती करायची, किती हळू रुंद करायची, यावर इंजिनाची ताकद ठरते. आणि हवा बदलली म्हणजे पेट्रोलचं प्रमाणही नव्याने बसवायचं, कंपनीचं सेटिंग तिथे चालत नाही.

बॉडी फायबरची केली. ती आम्हाला मासेमारीच्या फायबर होड्या बनवणाऱ्या एका काकांनी शिकवली. पावसाळ्यात मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, ओलसर झाली की तिच्यावर लावायचा चिकट रेझिन नीट धरत नाही, हे कुठल्याही पुस्तकाआधी त्यांनी सांगितलं. चवथीच्या सुट्टीत ते काम घ्यायचा आमचा बेत त्यांनीच मोडला, आणि ते बरोबर होते.

विकत आणलेल्या भागांचाही हिशेब द्यावा लागतो. ज्यासाठी या गाड्या बनतात ती कॉलेजांची स्पर्धा मुळात अमेरिकेत 1981 साली फॉर्म्युला एसएई या नावाने सुरू झाली. आपल्याकडे तशाच स्पर्धा आहेत, सुप्रा आणि फॉर्म्युला भारत. तिथे नुसतं पळून भागत नाही, डिझाइनचे वेगळे 150 गुण असतात. परीक्षक गाडीशेजारी उभे राहून विचारतात, हा आर्म एवढाच लांब का, हीच स्प्रिंग का. ‘दुकानात हीच होती’ हे उत्तर दिलं की गुण गेले. त्याआधी तपासणी. गाडी 60 अंशांत कलती करतात, तेव्हा पेट्रोलचा थेंब गळता कामा नये. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम व्हायला हवीत. ड्रायव्हरने सगळे पट्टे सोडून 5 सेकंदांत बाहेर यायला हवं. यात अडकलेली गाडी ट्रॅकवर जातच नाही.

माझी चूक सांगते. कोईमतूरला, कारी मोटर स्पीडवेवर, एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची फेरी होती. साधारण 22 किलोमीटर, मध्यावर इंजिन बंद करून ड्रायव्हर बदलायचा. पहिल्या मुलाने सुंदर चालवली. दुसरी मुलगी बसली, पट्टे आवळले, बटण दाबलं. फक्त ‘टिक’. पुन्हा ‘टिक’. वेळ संपला, गाडी ढकलत बाहेर आणली.

संध्याकाळी अर्थची वायर सोडली. बॅटरीचा निगेटिव्ह मी चासीला एका बोल्टखाली जोडला होता. जुलैत तिथला रंग खरवडून धातू उघडा केला होता, आणि बाहेर धो धो पाऊस. सहा महिन्यांत रिंगच्या खाली तपकिरी भुकटी झाली होती, नखाने निघत होती. इंजिन थंड असताना तेवढ्यावर भागायचं, तापल्यावर मात्र स्टार्टरला पुरेसा करंट मिळाला नाही. वर्षभर 25 मुलं राबली होती. त्या रात्री कुणी मला बोललं नाही, ते मला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी बॅटरीतून जाड केबल सरळ इंजिनाच्या बॉडीला नेली, वायरच्या टोकाला कल्हई केलेले लग (बोल्टखाली बसणाऱ्या रिंगा) वापरले, वर व्हॅसलीन लावलं. आणि दर आठवड्याला स्टार्टर फिरवताना मल्टिमीटरने त्या जोडावर किती व्होल्ट पडतात ते मोजून वहीत लिहिलं. 0.2 च्या वर गेलं की उघडून साफ. त्या वर्षी गाडी पूर्ण 22 किलोमीटर धावली. वेर्ण्यात आजही मशीन का अडलं हे शोधताना मी आधी अर्थ मोजते.

आता वेळेचं. जातो, खूप जातो. जानेवारीतल्या स्पर्धेआधीचे दोन महिने तर फार, आणि नेमकी तेव्हाच सेमिस्टरची परीक्षा असते. माझा एक विषय राहिला होता, पुढच्या खेपेला निघाला. दोन विषय राहिलेल्या मुलाला आमच्या कॅप्टनने सरळ महिनाभर वर्कशॉपमध्ये येऊ दिलं नाही. मुलीच्या टीममध्ये असं कुणी लक्ष ठेवतं का, हे तिला विचारा. नसेल तर तुम्ही ठेवा, पण तिला काढून घेऊ नका.

रात्रीच्या येण्याचंही पक्कं करून घ्या. आमच्यात साडेआठनंतर थांबणाऱ्या मुलींना घरी कोण सोडणार ते दुपारीच फळ्यावर लिहायचे. साखळी लांब आहे, बसच्या भरवशावर राहू नका. ग्राइंडर चालवताना चष्मा आणि पायात बंद बूट, ही दोन्ही तिच्याकडे स्वतःची हवीत. टीमचा चष्मा ऐन वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांवर असतो.